राजवाडा, हातमाग आणि आमचं जव्हार

दिवाळीत जव्हारला गेलो होतो. जयविलासच्या टेकडीवर गेलं की आमच्या मावसभावाचं वाक्य ठरलेलं, "याचं हॉटेल केलं ना, तर गावाचं सोनं होईल!" दरवर्षी मी मान डोलावतो. यंदा नाही डोलावली, आणि घरी पोचेपर्यंत वाद झाला. म्हणून हे लिहितोय. (मावशी, तू वाचणार आहेस, माहीत आहे!)

मी उदाहरण दिलं महेश्वरचं. इंदूरच्या यशवंतराव होळकरांचे (दुसरे) चिरंजीव शिवाजीराव ऊर्फ रिचर्ड होळकर. आई अमेरिकन, गादीचा वारसा गेला बहिणीकडे, उषाराजेंकडे. रिचर्ड यांनी २००० साली महेश्वरच्या अहिल्या किल्ल्यातल्या घराचं हॉटेल केलं, ते सगळ्यांना ठाऊक असतं. पण त्याच्या बावीस वर्षं आधी, १९७८ मध्ये, त्यांनी आणि त्यांच्या तेव्हाच्या पत्नी सॅली यांनी 'रेहवा सोसायटी' काढली होती, ते फारसं कुणी सांगत नाही. अहिल्याबाईंनी विणकर आणून वसवलेलं हे गाव. पण माग थंडावत चालले होते. रेहवाने बायकांना मागावर बसवलं. ताणा रेशमी, बाणा सुती, आणि काठाला किल्ल्याच्या दगडावरची नक्षी. आईसाठी घेतलेली महेश्वरी अजून कपाटात आहे, हलकी आणि कुरकुरीत. पुढे सॅलीबाईंनी 'विमेनविव्ह' ही वेगळी संस्थाही उभी केली.

म्हणजे आधी माग, मग हॉटेल. माझं म्हणणं एवढंच आहे.

जव्हारचं राजघराणं मुकण्यांचं, महादेव कोळी. शेवटचे राजे यशवंतराव मुकणे महायुद्धात हवाई दलात होते. संस्थान १९४८ मध्ये विलीन झालं आणि पुढे ते खासदारही झाले. जयविलास बघायला लोक येतात, शूटिंग होतात. उद्या तिथे हॉटेल झालं तर आमच्या पोरांना काय मिळेल? फाटकावरची शिट्टी आणि हातात झाडू. दिवाळी झाली की मोखाड्यातली कुटुंबंच्या कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातात, ती थोडीच थांबणार? मध्य वैतरणेचं धरण मोखाड्यात आणि पाणी मुंबईला, तसंच पैशाचंही व्हायचं.

आणि फॅशन म्हणाल तर आपली वारली चित्रं कधीच शहरात पोचलीत की! कुर्त्यांवर, चादरींवर, यंत्राने छापून. ज्या पाड्यांवर ही चित्रं भिंतीवर निघतात, तिथे त्यातला रुपया पोचत नाही. बोहाड्याचे मुखवटे करणारे हात आहेत, बांबूचं काम आहे. त्यांना कुणी रेहवासारखं हाताशी धरलं, तर त्या हॉटेलला माझाही पाठिंबा.

भावाने अडवलंच. "होळकरांच्या ओळखी दिल्लीपासून परदेशापर्यंत. आपल्याकडे कोण आहे? आणि नेहमी राजानेच का करायचं?" दुसऱ्या प्रश्नावर मी गप्प बसलो. खरं सांगायचं तर अजूनही उत्तर नाही.

एवढा वेळ मावशी नागलीच्या भाकऱ्या थापत ऐकत होती. तिने एकच विचारलं, "त्या मागावर बसायला बायकांना गाव सोडावं लागतं का रे?"

नाही म्हटलं.

"मग त्याचं बघा आधी," म्हणाली.

असो. मार्चमध्ये भाऊ महेश्वरला येतो म्हणालाय. तिकिटं मीच काढायची, हे ओघाने आलंच!