बँकॉकला खुशाल जा, पण आमच्या गोणीवर बसून नको

सहलीचं नियोजन जोरात सुरू झालंय. बँकॉक-पटाया, ४ रात्री ५ दिवस. कोरल आयलंड, अल्काझार शो, नदीतल्या क्रूझवर जेवण, शेवटच्या दिवशी खरेदी. मुंबईपर्यंत ट्रॅव्हल्सची गाडी, तिथून विमान. जेवण आपलंच, जैन पाहिजे त्याला जैन. ज्यांचे पासपोर्ट नाहीत त्यांनी ताबडतोब काढून घ्यावेत. व्हिसाचं टेन्शन नको, थायलंडने नोव्हेंबर २०२३ पासून भारतीयांना व्हिसा माफ केलाय. आणि खर्च? काही नाही. सगळं कंपनी करणार.

ही सहल शेतकऱ्यांची नाही, हे सांगायला नको. ही आमच्या भागातल्या कृषी सेवा केंद्रवाल्यांची सहल आहे. नेवासा, राहुरी, शेवगाव या पट्ट्यात ज्यांचं दुकान बरं चालतं त्यांच्या ग्रुपवर असे मेसेज दरवर्षी फिरतात. खरिपाचं टार्गेट पूर्ण झालं की एक सीट. त्याच्या दुप्पट माल उचलला की जोडीने. कमी पडलात तर गोवा, नाहीतर मिक्सर.

आधीच एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण कॉमेंटमध्ये गाडी तिकडेच वळणार. बँकॉक म्हटलं की लोक गालातल्या गालात हसतात. घरी 'कंपनीचं ट्रेनिंग आहे' असं सांगून निघालेल्यांचे किस्से मीही ऐकलेत. मला त्यात काडीचा रस नाही. कोणी पटायाला जाऊन काय केलं हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न. समुद्र बघावा, विमानात बसावं, परदेश बघावा असं खेड्यातल्या माणसाला वाटलं तर त्यात चूक काहीच नाही. मलाही वाटतं. फक्त मी गेलो तर माझ्या पैशाने जाईन.

माझा प्रश्न एवढाच आहे की या सहलीचं बिल कोण भरतं.

'कंपनी देते' हे उत्तर खोटं आहे. कंपनी घरून काही आणून देत नाही. बाटलीच्या किमतीत ती सहल धरलेली असते. गंमत बघा, टार्गेट कशावर असतं? युरियावर नसतं. युरियाची ४५ किलोची गोणी सरकारने २६६ रुपये ५० पैशांना बांधून दिलीय, त्यात दुकानदाराला मिळून मिळून किती मिळणार? टार्गेट असतं टॉनिकवर, विद्राव्य खतांवर, 'कांद्याची साईज वाढवणाऱ्या' बाटल्यांवर, नव्या नव्या बुरशीनाशकांवर. जिथे छापील किंमत आणि खरेदी यात दिवसा-रात्रीचा फरक असतो, तिथे बँकॉक दडलेलं असतं.

आणि मग येतं लिंकिंग. शहरातल्या मित्रांसाठी सांगतो. जून-जुलैत पाऊस झाला की सगळ्यांना एकदमच युरिया लागतो. तुम्ही दुकानात जाता, पाच गोण्या मागता. दुकानदार म्हणतो, "आहे ना भाऊ, पण सोबत हे घ्यावं लागतंय." 'हे' म्हणजे नॅनोची बाटली, नाहीतर कुठलं तरी ह्युमिक, नाहीतर आणखी काही ज्याचं नाव आपण पहिल्यांदाच वाचतो. नको म्हणालात तर "मग गाडी यायचीय, पुढच्या आठवड्यात बघा." पुढच्या आठवड्यात पिकाचं वय निघून जातं. गोणीमागे सव्वादोनशेची बाटली घेतली की सरकारने अनुदान देऊन २६६ ला ठेवलेली गोणी आपल्याला जवळपास पाचशेला पडली. अनुदान दिल्लीहून निघालं, ते कुठे पोहोचलं? बाटलीत.

गोणीसाठी आपण मशीनवर अंगठा लावतो, आधारवर नोंद होते, २०१८ पासून सगळीकडे ही पद्धत आहे. सरकारच्या कॉम्प्युटरवर सगळं कसं चकाचक दिसतं: अमुक शेतकऱ्याला पाच गोण्या, ठरलेल्या दराने. बाटलीचा अंगठा नसतो. तिची पावती मागितली तर वेगळ्या चिठ्ठीवर येते, नाहीतर येतच नाही.

हे मी एकटा बोंबलतोय असं नाही. जुलै २०२५ मध्ये खुद्द केंद्रीय कृषिमंत्री शिवराजसिंह चौहान यांनी सगळ्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून सांगितलं की खतासोबत नॅनो खतं आणि बायोस्टिम्युलंट जबरदस्तीने गळ्यात मारणं थांबवा. त्याच महिन्यात त्यांनी हेही सांगितलं की देशात तीस हजारांच्या आसपास बायोस्टिम्युलंट बिनदिक्कत विकली जात होती, गेली चार वर्षं आठ हजारांच्या आसपास फिरत होती, आणि तपासणी कडक केल्यावर ती साडेसहाशेच्या आसपास आली. परत वाचा हा आकडा. तीस हजारांवरून साडेसहाशे. म्हणजे मधल्या काळात आपण पंपात काय ओतत होतो? आणि त्यातल्या किती बाटल्यांवर कोण कोण कुठे कुठे फिरून आलं?

मग तुम्ही म्हणाल, शेतकऱ्याने नको म्हणावं ना, कोणी हात धरलेत? हात उधारीने धरलेत. आमच्याकडे रोखीने औषध घेणारे किती आहेत ते प्रत्येकाने आपल्या गल्लीत मोजून बघावं. जूनमध्ये बियाणं उधार, जुलैत खत उधार, ऑगस्टमध्ये फवारणी उधार. ऊस गेला की, कापूस विकला की, घोडेगावला कांद्याची पट्टी झाली की आधी दुकानदाराचं खातं, मग सोसायटी, मग घर. ज्याच्या वहीत तुमचं नाव आहे त्याला तुम्ही "ही बाटली नको" कसं म्हणणार? तो पुढच्या वेळी वहीच मिटेल. बँक पीककर्जाला चकरा मारायला लावते, दुकानदार एका फोनवर माल देतो. म्हणून शेतकरी त्याचं ऐकतो. हे ऐकणं प्रेमाचं नाही आणि विश्वासाचंही पूर्ण नाही, नाइलाजाचं आहे.

आणि इथेच दुसरा, माझ्या मते जास्त गंभीर मुद्दा येतो. सिमेंटवाला, रंगवाला, टायरवाला, सगळ्यांच्याच डीलरना कंपन्या फिरवून आणतात, मग आमच्याच मागे का लागता, असं एका ओळखीच्या दुकानदाराने मला विचारलं. प्रश्न रास्त आहे. उत्तर असं की सिमेंटवाला तुमच्या घराला रोग झालाय का हे सांगत नाही. कृषी सेवा केंद्रवाला सांगतो. आपण रोगट पान पिशवीत घालून नेतो, नाहीतर मोबाइलवर फोटो दाखवतो, आणि तो सांगतो, "करपा आहे, हे मार, सोबत हे टाक, आणि पंपाला दहा मिली हे घे, पात एकदम काळीभोर होईल." तो आपला डॉक्टर आहे. राहुरीचं कृषी विद्यापीठ १९६८ पासून आपल्या उशाशी आहे. दरवर्षी त्यांची कृषिदर्शनी निघते, त्यात प्रत्येक पिकाच्या शिफारशी असतात. पण फवारणीच्या सकाळी विद्यापीठात कोण जातो? कृषी सहाय्यक एक आणि गावं चार. (जिल्ह्याचं नाव बदललं, त्यांचंही पदनाव बदलून 'सहायक कृषी अधिकारी' झालं, गावं तेवढीच राहिली.) उरतो दुकानदार. आणि त्या दुकानदाराच्या डोक्यात, दोष त्याचा असो-नसो, एक आकडा फिरत असतो: बँकॉकच्या सीटला अजून किती कमी पडतंय.

त्या आकड्याचा आणि माझ्या कांद्याच्या करप्याचा काय संबंध? काहीच नसावा. पण आहे. एका फवारणीत भागलं असतं तिथे तीन होतात. एका औषधाऐवजी चार बाटल्यांचं कॉकटेल होतं. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. दोन-तीन औषधं एकत्र करून मारायची सवय तेव्हा चर्चेत आली, आठ-पंधरा दिवस पेपर भरले, मास्क वाटप झालं, फोटो झाले. औषध लिहून देणाऱ्याला विक्रीच्या प्रमाणात बक्षीस मिळतं, या मुळाला कोणी हात लावला नाही.

माणसांच्या डॉक्टरांच्या बाबतीत तो लावलाय. डॉक्टरांनी औषध कंपन्यांकडून सहली, पाहुणचार घ्यायचा नाही असा नियम मेडिकल कौन्सिलने २००९ मध्येच केला. फेब्रुवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की डॉक्टरांना वाटलेल्या अशा भेटींचा खर्च कंपनीला आयकरात वजा करता येणार नाही, आणि हा खर्च शेवटी औषधाच्या किमतीतून रुग्णाच्याच डोक्यावर बसतो हेही त्यात बोललं गेलं. मार्च २०२४ मध्ये केंद्राने औषध कंपन्यांसाठी नवी संहिता आणली, त्यातही डॉक्टरांना आणि त्यांच्या कुटुंबाला फिरवायला बंदी. पाळली किती जाते तो भाग वेगळा. पण निदान कागदावर तरी कोणीतरी म्हटलंय की हे चूक आहे. पिकाच्या डॉक्टरसाठी तेवढं म्हणायला काय अडचण आहे?

कृषी खात्याला बँकॉक दिसत नाही, आयकर खात्याला मात्र बरोबर दिसलं. १ जुलै २०२२ पासून कलम १९४आर आलं. धंद्यात कोणी कोणाला वर्षाला वीस हजारांवर फायदा दिला, वस्तूच्या रूपाने का होईना, तर देणाऱ्याने १० टक्के टीडीएस कापायचा. त्यावर जे परिपत्रक निघालं त्यात टार्गेट पूर्ण केल्याबद्दल दिलेली सहल हे उदाहरणच दिलंय. आणि 'हे तर डीलर कॉन्फरन्स आहे हो' या पळवाटेचाही विचार केलाय: मालाची माहिती द्यायला घेतलेली बैठक चालेल, पण टार्गेट गाठलेल्यांनाच बोलावलं, सोबत बायको-पोरं आली किंवा मौजमजा झाली तर तो फायदाच. मला हे वाचून बरं वाटलं, आणि वाईटही वाटलं. सरकारचा त्या सहलीतला दहा टक्के हिस्सा ठरला. ज्याच्या खिशातून शंभर टक्के गेले त्याचं नाव कुठल्याच परिपत्रकात नाही.

आता दुकानदारांची बाजू. ती आहे, आणि ती सांगितली नाही तर हा लेख एकतर्फी होईल. लिंकिंग दुकानातून सुरू होत नाही, वरून येतं. कंपनी घाऊक विक्रेत्याला सांगते, युरियाच्या गाडीसोबत एवढे बॉक्स उचला. तो किरकोळ दुकानदाराच्या गळ्यात टाकतो. दुकानदाराचे पैसे अडकतात, तो आपल्या गळ्यात टाकतो. उतार संपतो तिथे आपण बसलोय. दुकानदारांच्या संघटनांनीही लिंकिंगविरुद्ध आवाज उठवलाय. चांगली गोष्ट आहे. तपासणीला भरारी पथक आलं की सापडतो तो कोपऱ्यावरचा छोटा दुकानदार, त्याचा परवाना निलंबित होतो, पेपरात बातमी येते. वरच्या मजल्यावर कोणी जात नाही. पण मग त्याच संघटनांना माझा एक प्रश्न आहे: लिंकिंगला विरोध आणि लिंकिंगच्या सहलीला हजेरी, हे दोन्ही कसं जमतं? ज्या दिवशी 'आम्हाला सहल नको, तेवढी किंमत छापील दरातून कमी करा' असं पत्र संघटनेच्या लेटरहेडवर कंपन्यांना जाईल, त्या दिवशी मी स्वतः दुकानात येऊन हार घालीन.

काय व्हावं ते साधं आहे. टार्गेटवर सहल, सोनं, गाडी हे प्रकार खत, बियाणं आणि औषधांच्या धंद्यात बंद करा, डॉक्टरांना लावलीत तशी संहिता इथे लावा. खत अत्यावश्यक वस्तू कायद्याखाली येतं, खत नियंत्रण आदेश १९८५ पासून आहे, कायद्याची कमतरता नाही. तपासणी दुकानाच्या काउंटरवर नको, कंपनीने घाऊक विक्रेत्याला पाठवलेल्या बिलांवर करा. युरियाची गाडी आणि बॉक्सची गाडी एकाच तारखेला का निघते ते विचारा. आणि गावातल्या सोसायट्यांनी, शेतकरी गटांनी खताची विक्री स्वतः करावी, निदान युरिया आणि डीएपीपुरती. आमच्या गटाने परवान्यासाठी अर्ज करायचं ठरवलंय, कागदं जमवणं सुरू आहे. ज्यांच्या गटाने हे आधी केलंय त्यांनी अनुभव सांगा, भांडवल किती लागलं तेही सांगा.

तोवर एक करू. गोणी घ्याल तेव्हा प्रत्येक वस्तूची पक्की पावती मागा. सोबत दिलेली बाटली पावतीवर आलीच पाहिजे, तिच्या दरासकट. देत नसतील तर तालुका कृषी अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या, तोंडी सांगू नका. ज्यांच्याकडे या खरिपातल्या अशा पावत्या आहेत त्यांनी दुकानाचं नाव, आपलं नाव, आधार नंबर झाकून फोटो कॉमेंटमध्ये टाकावेत. तारीख, तालुका आणि कोणत्या गोणीसोबत काय गळ्यात मारलं एवढं दिसू द्या. पन्नास जमल्या की गठ्ठा करून जिल्हा कृषी अधीक्षकांकडे घेऊन जातो. कोण येतंय सोबत?