गिटार बिघडली, की आपले कान?

सोयाबीनची पेरणी आटोपून भाविक पुन्हा वेळेवर मिस्साला येऊ लागले, त्या सुमारास आमच्या धर्मग्रामसभेपुढे एक ठराव आला. वाशीम जिल्ह्यातील आमचे धर्मग्राम लहान आहे; कुटुंबे मोजकी, आणि गायनवृंद म्हणावा तर दोन आजीबाई, एक ढोलकीवाला आणि चार तरुण. ठराव असा होता की, रविवारच्या पवित्र मिस्सात गिटार वाजवणे बंद करावे आणि मोबाइलला ध्वनिक्षेपक जोडून तयार ‘ट्रॅक’वर गीते म्हणावीत. ठराव मांडणारे गृहस्थ सत्तरीचे, सज्जन आणि प्रार्थनाशील. ते म्हणाले, “आमच्या वेळची गिटार गाण्याच्या मागे मागे चालायची. आताची पोरं रॉक वाजवतात. प्रार्थनेत मन लागत नाही.” गिटार वाजवणारा एकोणीस वर्षांचा तरुण उठून एवढेच म्हणाला, “काकाजी, तुमाले तं तीनच कॉर्ड येत होत्या.” सभेत हशा पिकला, काकाजींचा चेहरा उतरला आणि ठराव पुढील सभेपर्यंत तहकूब झाला.

अध्यक्षस्थानी असल्यामुळे त्या दिवशी आम्ही मौन पाळले. ते मौन येथे सोडतो. आमच्या मते हा ठराव फेटाळला पाहिजे. मात्र तो फेटाळला गेला म्हणजे आपण जिंकलो, असे त्या तरुणानेही समजू नये.

गिटार हे नाचगाण्याचे वाद्य, ते देवळात शोभत नाही, हा आक्षेप आधी घेऊ. १८१८ च्या नाताळच्या पूर्वसंध्येला ऑस्ट्रियातील ओबर्नडॉर्फ या गावच्या चर्चमध्ये ‘सायलेंट नाइट’ हे गीत प्रथम गायले गेले, ते गिटारीच्या साथीवर. शब्द तेथील तरुण साहाय्यक धर्मगुरू जोसेफ मोर यांचे, चाल शिक्षक फ्रान्झ ग्रुबर यांची, आणि गिटार हाती घेतली ती खुद्द धर्मगुरूंनी. ज्या गीतावाचून आपला नाताळ पुरा होत नाही, त्याचा जन्मच या ‘बाहेरच्या’ वाद्यावर झाला. पुढे रॉक संगीताचे मूळ शोधणारे अभ्यासकही एका प्रार्थनामंदिराच्या दाराशी येऊन थांबतात. सिस्टर रोझेटा थार्प ही १९१५ साली जन्मलेली कृष्णवर्णीय अमेरिकन गायिका पेंटेकोस्टल उपासनेत लहानाची मोठी झाली आणि विजेची गिटार घेऊन प्रभूची गीते गात राहिली. एल्व्हिस प्रेस्ली, चक बेरी यांची पिढी तिचे वादन ऐकत वाढली. म्हणजे जे देवळातून बाहेर गेले, तेच आज दाराशी परत आले आहे, आणि आपण त्याला ओळख विचारत आहोत.

याउलट आपल्या पेटीचे पाहा. हार्मोनियम हे ‘आपले’ वाद्य, असे काकाजी मानतात. हे वाद्य पॅरिसचे. तेथील अलेक्झांडर देबँ यांनी १८४२ साली त्याचे पेटंट घेतले. ते भारतीय संगीताला मारक आहे असे ठरवून आकाशवाणीने १९४० साली त्यावर बंदी घातली आणि ती उठायला १९७१ उजाडले. मान्यवर विद्वानांनी परके ठरवलेली ती पेटी आज विदर्भातल्या प्रत्येक भजनी मंडळात आहे. ख्रिस्तसभेनेही अशा मर्यादा घातल्या होत्या. पोप दहावे पायस यांनी १९०३ साली चर्चमध्ये पियानो आणि ढोलासारखी गोंगाटी वाद्ये वर्ज्य केली. साठ वर्षांनी, १९६३ साली, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ऑर्गनचा मान राखून इतर वाद्यांनाही दार उघडले. अट एवढीच की ती उपासनेला योग्य असावीत किंवा योग्य करून घेता यावीत. ‘योग्य करून घेता यावीत’ या शब्दांकडे आम्ही काकाजींचे आणि त्या तरुणाचे, दोघांचेही लक्ष वेधतो. ते करून घेण्याचे काम वाद्याचे नसते, धर्मग्रामाचे असते.

आता मूळ तक्रारीकडे वळू. गिटार बदलली, हे खरेच आहे. पण ती का बदलली? तरुण बिघडले म्हणून, हे उत्तर सोपे आहे आणि चूक आहे. वाद्य जेथे ऐकले जाते, ती जागा बदलली की वादन बदलते. लाकडी पेटीची गिटार घरातल्या खोलीत ऐकायची होती. अमेरिकेतील नृत्यगृहांत ढोल आणि पितळी वाद्यांपुढे तिचा आवाज बुडू लागला, म्हणून १९३० च्या दशकात तारांखाली विद्युतचुंबक आला. १९५० च्या सुमारास लिओ फेंडर यांनी भरीव लाकडाची गिटार बाजारात आणली. तिला पोकळ पोटाची गरजच उरली नाही. १९६९ साली वूडस्टॉकच्या कुरणावर लाखो तरुण जमले, तेव्हा तारेचा आवाज शेवटच्या माणसापर्यंत नेणे भाग होते. आवाज मुद्दाम फाटू देणे, एकच स्वर लांबवत नेणे, एकट्या वादकाने दहा दहा मिनिटे वाजवणे, हे सारे त्या मोठ्या मैदानांत आणि व्हिएतनाम युद्धाच्या संतापात वाढले.

तीच गिटार आपल्याकडे आली ती हिंदी चित्रपटाच्या वाटेने. आणि तो चित्रपटसंगीताचा वाद्यवृंद उभा केला कोणी? गोव्यातील धर्मग्रामशाळांत स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकलेल्या अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा यांच्यासारख्या आपल्याच धर्मबांधवांनी! १९७१ च्या ‘हरे रामा हरे कृष्णा’ने गिटारीच्या झंकाराला गांजाच्या धुराशी जोडले, १९७३ च्या ‘यादों की बारात’ने तीच गिटार ताटातूट झालेल्या भावाच्या हाती दिली, १९८० च्या ‘कर्ज’मधली गिटारीची धून तर गावोगावच्या बँडवाल्यांनी उचलली. काकाजींच्या तीन कॉर्ड याच चित्रपटांतून आल्या, हे त्यांनीच एकदा आम्हांला हसत सांगितले होते. तेव्हा त्यांच्या वडिलांनी त्यांना काय म्हटले असेल, याचा त्यांना विसर पडला असावा.

पुढची पायरी एकटेपणाची आहे. १९८४ साली रेमो फर्नांडिस यांनी ‘गोवन क्रेझी’ ही ध्वनिफीत शिवोलीच्या आपल्या घरी ध्वनिमुद्रित केली. वाद्ये जवळजवळ सगळी स्वतःच वाजवली. तरी त्या फिती विकायला ते स्कूटरवरून दुकानोदुकानी हिंडले. माणसांची गाठ सुटली नव्हती. मुंबईत १९८६ पासून ‘इंडिपेंडन्स रॉक’ भरू लागला तेव्हा हजारो तरुण रंगभवनात एकत्र घाम गाळत ऐकत. १९९१ पासून उपग्रहवाहिन्यांनी गिटारवादक घरातल्या पडद्यावर आणला. २०१६ नंतर मोबाइलवरचे इंटरनेट स्वस्त झाले आणि तो तळहातावर आला. लक्ष दहा मिनिटे कोण देणार? म्हणून लांबलचक वादन आखडले. अर्ध्या मिनिटात बोटांची करामत दाखवणे आले. २०१८ साली अमेरिकेतील गिब्सन या नामांकित गिटार-कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला तेव्हा गिटार संपली असे अनेकांनी म्हटले. पण २०२० च्या महामारीत घरोघरी माणसे अडकली आणि फेंडर कंपनीची विक्री विक्रमी झाली. गिटार जिवंत आहे. ती आता बंद खोलीत, कानात इअरफोन घालून वाजते, एवढाच फरक.

आमचा खरा आक्षेप येथे आहे. आमच्या गायनवृंदातील तो तरुण काकाजींपेक्षा दसपट चांगला वाजवतो, यात शंका नाही. पण आजीबाई प्रवेशगीत उचलतात ते स्वतःच्या पट्टीत. कधी काळी दोन, कधी पांढरी तीन, आणि थंडीत घसा बसला असेल तर दोहोंच्या मध्ये कुठेतरी. काकाजींच्या तीन कॉर्ड ती पट्टी शोधत येत. ते पहिली ओळ नुसती ऐकत, गिटारीच्या मानेवर चिमटी सरकवत आणि दुसऱ्या ओळीपासून आजीबाईंच्या मागे चालू लागत. तरुणाला हे येत नाही. मोबाइलवरचा शिक्षक कधी घसा बसलेल्या आजीबाईंसारखा गात नाही. त्यामुळे दुसऱ्यासाठी थांबणे हा धडा त्याच्या अभ्यासक्रमातच नाही. तेव्हा “तीनच कॉर्ड” असे म्हणताना त्याने जरा विचार करावा. अर्पणगीताच्या वेळी खिडक्यांची तावदाने थरथरतील इतका आवाज वाढवणे यात कसब नाही. मंच वादकासाठी असतो. वेदीसमोर वादक सर्वांच्या मागे उभा असतो.

पण म्हणून ट्रॅक लावायचा? तरुणाचा जो दोष काकाजी दाखवतात, तोच दोष ते यंत्राच्या रूपाने कायमचा विकत घेऊ पाहत आहेत. तरुण आज थांबत नाही, उद्या थांबायला शिकेल. ट्रॅक कधीच थांबणार नाही. आजीबाईंना धाप लागली तरी तो पुढे जाईल. परमप्रसादाची रांग लांबली तरी तो आपल्या वेळेला संपेल. आणि मंडळी मुकी राहिली तरी तो पूर्ण भरात वाजत राहील. या शेवटच्या गोष्टीचे आम्हांला सर्वांत भय वाटते. गाणारे कोणी उरले नाही, हे मग कळणारच नाही. १९५८ सालीच रोमने फोनोग्राफ, रेडिओ, ध्वनिमुद्रणयंत्र अशा स्वयंचलित साधनांना उपासनेत स्पष्ट मनाई केली होती. आणि व्हॅटिकन परिषदेने भाविकांच्या सक्रिय सहभागाचा जो आग्रह धरला, तो काय ध्वनिक्षेपकाने सहभागी व्हावे म्हणून? गावातल्या मिरवणुकींकडे पाहा. बेंजोची पार्टी होती तेव्हा गल्लीतली दहा-बारा पोरे वाजवायला शिकत. डीजे आला, आवाज शतपट झाला आणि वाजवणारे हात रिकामे झाले. त्याच डीजेची धाकटी बहीण आपण देवळात आणायला निघालो आहोत.

आपल्या मातीत याहून बरे धडे आहेत. फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ साली ‘ख्रिस्तपुराण’ छापले ते ओवीत, लोकांना म्हणता यावे म्हणून. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी अभंगाच्या वळणाची गीते मराठी ख्रिस्ती माणसाच्या तोंडी घातली. आणि आपल्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यात, मोझरीला, तुकडोजी महाराजांच्या हाती काय होते? एक खंजिरी! तेवढ्यावर त्यांनी गावेच्या गावे एकत्र बसवली आणि गायला लावली. वाद्य स्वस्त की महाग, देशी की विदेशी, हा प्रश्न तेथे कोणी विचारला नाही.

आता एक कबुली दिली पाहिजे. वाशीम जिल्हा अस्तित्वात आला त्या १९९८ साली आम्ही नवखे धर्मगुरू होतो. गुरुविद्यालयात ग्रेगोरियन गायन शिकलो होतो आणि त्याचा थोडा ताठाही होता. त्या वेळच्या आमच्या धर्मग्रामात एका मुलाने नाताळच्या तालमीत गिटारीवर काहीतरी धसमुसळे वाजवले. आम्ही सर्वांसमोर त्याला म्हणालो, “हे देवाचे घर आहे, सिनेमाचे थिएटर नव्हे.” त्याने गिटार पिशवीत घातली. पुढे तो नोकरीसाठी पुण्याला गेला. वर्षातून एकदा गावी येतो, मिस्साला मागच्या बाकावर बसतो आणि गात नाही. त्याचे ओठ मिटलेले आम्ही वेदीवरून पाहिले आहेत. शौल राजाचे मन शांत व्हावे म्हणून दावीद वीणा वाजवत असे, आणि त्याच दाविदावर शौलाने भाला फेकला, हे आपण शास्त्रात वाचतो. आमचा भाला त्या दिवशी नेमका लागला.

म्हणून आम्ही ठरावाच्या विरोधात मत देणार आहोत, आणि त्याऐवजी आमची सूचना अशी आहे. ध्वनिक्षेपकासाठी जमलेल्या पैशातून एक साधी लाकडी गिटार, एक खंजिरी आणि ढोलकीची नवी पाने घ्यावीत. रविवारी मिस्सानंतर अर्धा तास सर्वांनी थांबावे. काकाजींनी त्या तरुणाला आजीबाईंची पट्टी शोधायला शिकवावे, आणि तरुणाने काकाजींना चौथी कॉर्ड शिकवावी. विजेची गिटार तरुणांच्या मेळाव्यात खुशाल वाजावी. तेथे आम्हीही येऊन बसू आणि कानांत बोटे घालणार नाही. आईबापांनी परीक्षेचे कारण सांगून मुलांना तालमीतून उठवू नये. गाणारी मंडळी घरातूनच तयार होतात, आणि घरात कोणी गाताना आम्हांला अलीकडे ऐकू आलेले नाही.

पुण्याला असलेल्या त्या आमच्या जुन्या गिटारवादकाला आम्ही पत्र लिहिले आहे. नाताळच्या पूर्वसंध्येला मध्यरात्रीच्या मिस्सात ओबर्नडॉर्फचे ते गीत त्याने गिटारीवर धरावे, अशी विनंती त्यात केली आहे, आणि सव्वीस-सत्तावीस वर्षांपूर्वीच्या त्या वाक्याची क्षमाही मागितली आहे. उत्तर अद्याप आलेले नाही. ठरावावरील सभा मात्र येत्या महिन्यात आहे. त्या सभेला प्रत्येक कुटुंबातून एक वडीलधारे आणि एक तरुण, असे दोघे यावेत, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.