ओसाड म्हणण्यापूर्वी

पडक्या वास्तूंत शिरायचे आणि फोटो काढून आणायचे, हे वेड सध्या आपल्या वर्गावर्गांतून बोकाळले आहे. मीही त्यातलीच एक. हरेगावच्या बंद साखर कारखान्याकडे आपल्यापैकी कितीजण मोटारसायकली हाणत गेले असतील, त्याची गणतीच नको. गंजलेले लोखंड, कमरेएवढे गवत, साहेबांचे मोडके बंगले, आणि खाली ठरलेली ओळ: ‘इथे आता कोणी नाही.’ ह्या वेडाविषयी मला आज थोडे बोलायचे आहे. बोलणार मात्र मी मुंबईच्या एका हॉटेलाविषयी, कारण माझी फजिती तिथे झाली.

काळ्या घोड्याजवळचे वॉटसनचे हॉटेल म्हणजे आमच्यासारख्या हौशी मंडळींची पंढरीच. मुंबई मूळची बेट, आणि १८७१ साली हे हॉटेल सुरू झाले तेव्हा समुद्र आजच्याइतका मागे लोटलेला नव्हता. ओव्हल मैदानापलीकडे आगगाडीचे रूळ आणि रुळांच्या पलीकडे पाणी. मरीन ड्राइव्ह ही विसाव्या शतकातली भर. जॉन वॉटसन नावाच्या कापडव्यापाऱ्याने हॉटेल बांधले. खरे म्हणजे ‘जोडले’ म्हटलेले बरे. लंडनच्या थेम्स नदीवरचा अल्बर्ट पूल ज्याने रचला त्या रोलंड ऑर्डिशने आराखडा केला, लोखंडी खांब आणि तुळया इंग्लंडात ओतल्या गेल्या, जहाजाने इथे आल्या आणि मग एकावर एक चढल्या. भारतात आजवर टिकलेली ओतीव लोखंडी सांगाड्याची ही सर्वांत जुनी इमारत समजली जाते. पाच मजले, सुमारे १३० खोल्या, आणि प्रवेश फक्त गोऱ्यांना. १८९६ च्या जानेवारीत मार्क ट्वेन इथे उतरला आणि सज्जासमोरच्या कावळ्यांवर लिहून गेला. त्याच वर्षी ७ जुलैला ल्यूमिएर बंधूंची हलती चित्रे भारतात पहिल्यांदा दाखवली गेली, ती इथेच. जमशेटजी टाटांना ह्याच दारातून परत पाठवले म्हणून त्यांनी ताजमहाल हॉटेल बांधले, अशीही कथा सांगतात. कथा झकास आहे, पण तिला पुरावा नाही.

हे सगळे वाचून, पाठ करून, २०२२ च्या दिवाळीच्या सुट्टीत मी मामेभावाला घेऊन तिथे गेले. आत जायला मिळाले नाही. २०१९ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशाने इमारत रिकामी झाली होती, आणि पहारेकऱ्याने आम्हांला दुरूनच हात केला. मग आम्ही चारी बाजूंनी फिरलो. पत्र्यांच्या फटीतून एका जिन्याच्या तीनचार पायऱ्या दिसल्या. कबुतरे होती. वरचे कठडे, लोखंडाची नक्षी, भिंतीतून उगवलेला पिंपळ असे सारे टिपून घेतले. मी फोटो मोठ्या काळजीने काढले होते. लोंबणाऱ्या वायरी, वातानुकूलनाची खोकी, वकिलांच्या नावाच्या पाट्या ह्या गोष्टी मधेमधे येत होत्या आणि जुनेपणाची मजा घालवत होत्या. त्या मी कापून टाकल्या.

बेलापूरला परतल्यावर हे फोटो नानांना दाखवले. नाना म्हणजे माझ्या आजोबांचे धाकटे भाऊ. १९७१ साली मॅट्रिक होऊन ते मुंबईला गेले आणि एका वकिलाकडे टंकलेखक म्हणून लागले. वकिलांचे ऑफिस कोर्टाजवळ होते एवढेच घरात सर्वांना ठाऊक. नानांनी मोबाइल हातात घेतला, चष्मा कपाळावर चढवला, आणि म्हणाले, “अगं, हे तर आमचं ऑफिस.”

मला वाटले, त्यांची गफलत होते आहे. मी म्हटले, “नाना, हे वॉटसनचं हॉटेल आहे.”

“असंल. आम्ही एस्प्लनेड मॅन्शन म्हणायचो. दुसऱ्या मजल्यावर पांढरी पाटी होती, काळ्या अक्षरांची. आहे का अजून?”

पाटी मी पाहिलीच नव्हती. म्हणजे पाहिली असेलही, पण कापली होती. नानांनी एकेक फोटो पुढे सरकवला, मागे घेतला, पुन्हा पुढे सरकवला. “पाटी नाही, जिन्यावरचा चहावाला नाही. मग तू बघितलंस काय पोरी?”

त्या संध्याकाळी मला न मिळालेला प्रवेश नानांनी दिला. लाकडी जिना चढताना कोणती पायरी चुकवायची. मधल्या चौकात वरून उजेड किती वाजेपर्यंत यायचा आणि मग दिवे कधी लावायचे. पावसाळ्यात छतातून तांबूस पाणी टपकू लागले की आधी टंकयंत्र उचलायचे, मग अशिलांची कागदपत्रे, मग स्वतःचा डबा. लोखंडी खांबाला त्यांनी तार गुंडाळून आकडा केला होता, त्याला पिशवी टांगलेली असे. ऑर्डिशच्या खांबाला! नगर जिल्ह्यातून गेलेली जमिनीच्या वादाची माणसे उच्च न्यायालयाच्या तारखेला आली की रात्र काढायला जागा नसे; वकिलांच्या परवानगीने दोघेतिघे तिथेच बाकड्यांवर झोपत. ज्या दारातून काळ्या माणसाला आत येऊ देत नसत, तिथे आमच्या तालुक्याचे शेतकरी उशाला धोतर घेऊन झोपले, ही गोष्ट मी वाचलेल्या एकाही लेखात नाही.

माझे म्हणणे इथून सुरू होते. हॉटेल १९६० च्या दशकात बंद झाले. म्हणजे ते चालले नव्वदएक वर्षे. त्यानंतर तिथे पन्नासाहून अधिक वर्षे माणसे राहिली, राबली. २००५ साली त्या इमारतीत ५३ कुटुंबे आणि ९७ व्यावसायिक गाळे होते. पण इतिहास म्हणून जे छापले जाते ते बहुधा ट्वेनच्या कावळ्यांपाशी आणि ल्यूमिएरच्या पडद्यापाशी थांबते. पुढच्या काळाला दुरवस्था, बेकायदा पार्टिशने, कचरा असले दोनचार शब्द पुरतात. एका रात्रीचा पाहुणा इतिहासात जातो आणि चौतीस वर्षे टंकलेखन करणारा माणूस अतिक्रमणात जमा होतो. हा हिशेब मला मान्य नाही.

रहिवाशांचे सगळेच बरोबर होते असे मी म्हणत नाही. चौकात कचरा साठला होता, मनाला येईल तशा भिंती घातल्या होत्या. हे नानाही नाकारत नाहीत. २००५ च्या जुलैत इमारतीचा काही भाग कोसळला आणि एकाचा जीव गेला. नाना त्या वेळी कोर्टात होते. पुढच्या वर्षी ते काम सोडून बेलापूरला आले. इमारत धोक्याची होती, रिकामी करणे भाग होते, आणि कोणी शहाणा तिथे चोरून शिरू म्हणेल तर त्याला मी स्वतः अडवीन. पण रिकामी केलेली जागा आणि ओसाड जागा ह्यांत फरक आहे. रिकाम्या जागेतली माणसे कुठे तरी गेलेली असतात आणि त्यांना विचारता येते.

आता हरेगावकडे वळू. कारखान्याचे जेवढे फोटो आपल्या वर्गात फिरले, त्यांत एकही माणूस नाही. त्या कारखान्याच्या उसासाठी ज्यांच्या जमिनी गेल्या, त्यांचे वारस त्या परत मिळाव्यात म्हणून वर्षानुवर्षे खेटे घालत आले आहेत. कारखान्यात पाळी केलेली माणसे अजून श्रीरामपुरात, बेलापुरात, उंदिरगावात ओट्यावर बसलेली दिसतात. ती ऐंशीच्या घरात आहेत. फार काळ बसलेली दिसतील असे नाही.

इतिहास विभागातील सरांशी मी बोलले आहे. परीक्षा संपल्यावर पहिल्या रविवारी आम्ही पाचसहाजणी हरेगावला जाणार आहोत. फाटकाच्या आत जायचे नाही. भोंगा किती वाजता व्हायचा, पगार कोणत्या खिडकीवर मिळायचा, बॉयलरजवळच्या माणसाला प्यायला पाणी कोण आणून द्यायचे, कारखाना थांबला त्या दिवशी घरी येऊन काय सांगितले, असे प्रश्न वहीत लिहून घेतले आहेत. नाना म्हणाले, “माझ्या ओळखीचा एक फिटर आहे तिथं, पण त्याला ऐकू कमी येतं, जवळ बसून विचारा.” ज्यांना यायचे असेल त्यांनी वही आणि पाण्याची बाटली घेऊन सकाळी आठला स्टँडवर यावे.