सवंगडी कुठे बसलाय?

दोस्तांनो, दिवाळीच्या आधी आमच्या घरी चक्क एक खटला उभा राहिला! तक्रार माझ्या धाकट्या भावाची, आरोपी त्याचा आठवीतला मुलगा ईशान आणि न्यायाधीश मी.

"दादा, बघ ना याच्याकडे," भाऊ म्हणाला. "दार लावून, कानाला हेडफोन अडकवून एकटाच बडबडत असतो. आमच्या वेळी गेम म्हणजे दोघांनी मांडीला मांडी लावून खेळायचा!"

ईशान फणकारला, "काका, मी एकटा नसतो काही! निनाद असतो. तो बंगळुरूला गेला, आमची शाळा वेगळी झाली. पण रोज साडेसातला आम्ही गेममध्ये भेटतो."

आता आली का पंचाईत? दोघंही खरंच बोलत होते!

आधी भावाची बाजू बघू. सुरुवातीच्या काळातले काही व्हिडिओ गेम मुळी दोघांसाठीच होते. १९५८ साली अमेरिकेतल्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेत विल्यम हिगिनबॉथम या शास्त्रज्ञाने पाहुण्यांच्या करमणुकीसाठी एका छोट्याशा पडद्यावर टेनिसचा खेळ तयार केला. खेळायला दोन माणसं लागत. १९७२ साली आलेला 'पाँग'ही तसाच. नाणं टाका आणि शेजारी उभं राहून एकमेकांना हरवा. एकट्याने खेळायची सोयच नव्हती.

नव्वदच्या दशकात आमच्या घरी टीव्हीला जोडायचा गेम आला. त्यातल्या 'कॉन्ट्रा'मध्ये धबधब्याचा एक टप्पा होता. एकाने घाईघाईने वर उड्या मारल्या, की पडदा वर सरकायचा आणि खाली राहिलेला भिडू फुकट मरायचा. मग "थांब की जरा!" असं ओरडणं, कोपराने ढोसणं, रुसवे-फुगवे! पण पुढच्या खेपेला घाई करणारा आपोआप थांबायला शिके. कारण रुसलेला भिडू शेजारीच बसलेला असे.

आता ईशानची बाजू. लांबच्या माणसांशी खेळणं ही काही आजची खूळं नाहीत. १९७८ साली इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रुबशॉ आणि रिचर्ड बार्टल या विद्यार्थ्यांनी 'मड' हा खेळ सुरू केला. त्यात चित्रं नव्हतीच. नुसती अक्षरं टाइप करायची आणि एका काल्पनिक जगात अनेकांनी मिळून फिरायचं. ज्याच्या गल्लीत सवंगडी नाही, त्यालाही यामुळे सवंगडी मिळू लागला. हा फायदा लहान नाही, बरं का!

मग बिघडलं कुठे? दोन ठिकाणी. पहिलं म्हणजे, समोरचा दिसत नाही, म्हणून जीभ सुटते. शेजारी बसलेल्याला जी शिवी आपण कधी देणार नाही, ती अनोळखी नावाला सहज दिली जाते. दुसरं म्हणजे, खेळाची किल्ली आपल्या हातात राहत नाही. 'द क्रू' हा गाड्यांच्या शर्यतीचा गेम २०१४ साली आला. तो एकट्याने खेळायचा तरी कंपनीच्या सर्व्हरला जोडूनच खेळावा लागे. ३१ मार्च २०२४ रोजी कंपनीने सर्व्हर बंद केला आणि विकत घेतलेला गेम ठप्प झाला! आमचा जुना गेम मात्र अजून माळ्यावर आहे आणि चालतोही. 'द क्रू'नंतर चिडलेल्या खेळाडूंनी मोहीम काढली. युरोपात २०२५ साली त्यांच्या अर्जावर दहा लाखांहून जास्त सह्या झाल्या.

पण म्हणून सगळा दोष ऑनलाइनला द्यायचा का? २०१२ सालच्या 'जर्नी' या खेळात वाळवंटात एक अनोळखी वाटसरू भेटतो. तोही कुणीतरी खराखुरा माणूसच. त्याला इजा करता येत नाही, त्याच्याशी बोलता येत नाही. फक्त एक मंजुळ आवाज काढून हाक मारता येते. सोबत चाललं तर दोघांनाही मदत होते. त्याचं नाव कळतं ते अगदी शेवटी! म्हणजे ऑनलाइन खेळात भांडणंच होतील असं नाही. खेळ बांधणाऱ्याने मनावर घेतलं तर माया जुळते.

तेव्हा मी निकाल दिला तो असा : साडेसातची भेट चालू राहील, पण दार उघडं ठेवून. आपण कुणाबरोबर खेळतो ते बाबांना ठाऊक हवं. आणि बाबांनी आठवड्यातून एकदा शेजारी बसून तो खेळ समजून घ्यायचा. आईबाबांनो, ही शिक्षा तुम्हालाही लागू बरं का!

दिवाळीच्या सुट्टीत निनाद आला. दोघांनी माळ्यावरचा गेम काढला. धबधब्यावर ईशानने घाई केली, निनाद मेला आणि ईशानच्या बरगडीत कोपर बसलं. "आई गं!" ईशान ओरडला. मग दोघंही पोट धरून हसत सुटले.

निनादचं कोपर बंगळुरूहून पोहोचत नाही, हे मात्र खरं! तुमचा सवंगडी कुठे बसतो? पत्र लिहून जरूर कळवा.