आजोबा किती जीबीचे?

सबमिशनच्या आदल्या रात्री आपल्या हॉस्टेलमध्ये दोनच प्रश्न ऐकू येतात. ‘फाइल कुणाची पूर्ण आहे?’ आणि ‘हार्ड डिस्कवर जागा कुणाकडे आहे?’ दुसऱ्या प्रश्नाला माझं ठरलेलं उत्तर असायचं, ‘अरे, कॉम्प्रेस कर ना!’ आज ते उत्तर मी जाहीरपणे मागे घेतोय. (मी पडलो कॉन्व्हेंटचा, तेव्हा मराठी जरा सांभाळून घ्या.)

आमचं गाव तिकोणा पेठ, गडाच्या अगदी पायथ्याशी. काकाकडे मिनी डीव्हीचा कॅमेरा होता. २००३ ते २००९ या काळात त्याने बारशी, लग्नं, जत्रा, भातलावणी, जे दिसेल ते शूट केलं. एकूण ३८ टेप. मावळातल्या ओलीने त्यांना बुरशी लागायला लागली, म्हणून गेल्या दिवाळीत मी त्या कॉम्प्युटरवर उतरवायला घेतल्या. एक तासाची टेप म्हणजे साधारण १३ जीबी. सगळ्या मिळून जवळजवळ ५०० जीबी! लॅपटॉपवर एवढी जागा कुठली? मग एकेक टेप उतरवायची, एच.२६४ मध्ये दाबायची आणि मूळ फाइल डिलीट. ५०० चे ४० झाले. घरात माझं कौतुक झालं आणि टेप दिवाळीच्या साफसफाईत गेल्या.

मग सगळे टीव्हीसमोर बसलो. लग्नं छान दिसली. लावणीचा सीन आला. धो धो पाऊस, मागे ढगात गेलेला गड आणि चिखलात वाकलेले आजोबा. ते गेले तेव्हा मी पाच वर्षांचा होतो. त्यांचा चालता-बोलता असा तो एकच सीन. आजी पुढे सरकून बघत राहिली आणि म्हणाली, ‘ह्यात ते कुठं हायेत? नुस्तं पाणी हालतंय.’

असं का झालं? एन्कोडर एक फ्रेम पूर्ण ठेवतो आणि पुढच्या फ्रेम्समध्ये फक्त काय बदललं ते लिहितो. लग्नाचं स्टेज जागचं हलत नाही, ते स्वस्तात जातं. पावसात मात्र प्रत्येक थेंब प्रत्येक फ्रेमला नवीन. तेवढे बिट्स दिलेले नसले की तो बारकावे पुसतो. थेंब कुठला आणि आजोबांच्या गालावरची सुरकुती कुठली, हे त्याला कळत नाही. शिवाय टेपवरचं डीव्ही हे मुळातच कॉम्प्रेस केलेलं असतं. म्हणजे मी दाबलेलंच पुन्हा दाबलं.

कुणी म्हणेल, ३८ तास बघतो कोण? खरं आहे. लेन्सचं झाकण न काढता केलेलं शूटिंग खुशाल उडवा. पण ते बघून, निवडून उडवा. निवड हे माणसाचं काम आहे, ते सॉफ्टवेअरवर ढकलू नका. मोबाईलवर पाठवायला छोटी कॉपी जरूर करा, मूळ मात्र तशीच राहू द्या. चित्रपट जपणाऱ्या संस्थासुद्धा असंच करतात. मूळ प्रत वेगळी, बघायची प्रत वेगळी. आणि मूळही दोन ठिकाणी हवी. २००३ साली पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात आग लागून फिल्म आर्काइव्हच्या जुन्या नायट्रेट फिल्म्स जळाल्या. आपल्याकडे निदान एक डिस्क घरी आणि एक हॉस्टेलवर, एवढं तरी जमेल.

पैशांचं म्हणाल तर ५०० जीबी आज एका साध्या डिस्कवर मावतात. चार चुलत भावंडांनी वर्गणी काढली तर मेसच्या बिलापेक्षा कमी पडेल. आपण मात्र इंग्लिश सिरीज फोर-केमध्ये साठवतो, जी उद्या पुन्हा कुठूनही मिळेल, आणि कात्री लावतो ती घरच्या माणसांना.

आजीला मी म्हटलं, ‘आजी, त्या दिवशी पाऊसच फार होता गं.’ ती म्हणाली, ‘पाऊस काय, दर साली येतुया.’