चांदी घासू नका, परत मिळवा

मैत्रिणींनो, श्रावण लागला की कपाटातली चांदी बाहेर निघते. निरांजन, करंडा, अत्तरदाणी, बाळाचे वाळे, सासूबाईंनी दिलेले तबक, आणि बघावे तर सगळ्यांवर काळपट झाक चढलेली! मग रांगोळी, राख, दंतमंजन, जे हाताशी येईल ते घेऊन आपण घासायला बसतो. भांडी लख्ख होतात खरी. पण तो काळा थर म्हणजे नुसता मळ नव्हे, त्यात आपली चांदीच असते. थर घासला की ती मोरीतून वाहून जाते. जुन्या भांड्यांवरची नक्षी बुजत जाते ती अशीच.

हवेत गंधकयुक्त वायू अगदी थोडा असतो. अंडी, कांदा, लोकर, रबरबँड यांतही गंधक असते. त्याचा चांदीशी संयोग झाला की सिल्व्हर सल्फाइड हे काळे संयुग तयार होते.

घरात अकरावीचे मूल ‘ऑक्सिडीकरण अंक’ पाठ करीत बसले असेल, तर त्याला जवळ बोलवा. सुट्या धातूचा अंक शून्य. त्याच्या अणूने एक इलेक्ट्रॉन गमावला की अंक अधिक १, तीन गमावले की अधिक ३. काळ्या थरात चांदीच्या दोन अणूंनी एकेक इलेक्ट्रॉन दिलेला असतो आणि गंधकाच्या एका अणूने ते दोन्ही घेतलेले असतात. म्हणून चांदी अधिक १, गंधक उणे २. एकूण बेरीज शून्य! अंक वाढला की ऑक्सिडीकरण, उतरला की क्षपण. गंमत म्हणजे नाव ऑक्सिजनवरून पडले असले, तरी या काळ्या थरात ऑक्सिजन नाहीच.

आता चांदीला तिचा इलेक्ट्रॉन परत दिला तर? ती पुन्हा शून्यावर येईल, म्हणजे पुन्हा चांदी होईल. द्यायला अ‍ॅल्युमिनियम तयारच असते. त्याचा एक अणू तीन इलेक्ट्रॉन देतो आणि चांदीचे तीन अणू सोडवतो. एकाचे ऑक्सिडीकरण झाल्याशिवाय दुसऱ्याचे क्षपण होत नाही. या जोडीलाच रेडॉक्स म्हणतात.

कृती सोपी आहे. स्टीलच्या पसरट पातेल्यात पोळ्या गुंडाळायची अ‍ॅल्युमिनियमची फॉइल अंथरा. तिच्यावर चांदीच्या वस्तू ठेवा. प्रत्येक वस्तू फॉइलला टेकली पाहिजे. १ लिटर उकळत्या पाण्यात १ मोठा चमचा खायचा सोडा आणि १ लहान चमचा मीठ विरघळवून ते पाणी हळूच वर ओता. ५ ते १० मिनिटांत काळेपणा उतरू लागेल. कुजक्या अंड्यासारखा थोडा वास येईल. तो सुटलेल्या गंधकाचा. खिडकी उघडी ठेवा. डाग राहिले तर पुन्हा एकदा करा. मग साध्या पाण्याने धुऊन मऊ कापडाने पुसा.

मात्र मोती किंवा खडे बसवलेले, लाख भरलेले दागिने यात घालू नका. मुद्दाम काळवलेले ‘ऑक्सिडाइज्ड’ दागिनेही नकोत. त्यांची हौसेची काळी नक्षीच जाईल.

आणि एक कळकळीचे सांगणे. दुपारच्या वेळी घरात आपण एकट्याच असताना ‘दागिने उजळून देतो’ म्हणत कोणी दारात आले, तर दार उघडू नका. असे लोक बऱ्याचदा पातेल्यात तीव्र आम्ल घेतात. नायट्रिक आम्लात चांदी विरघळते, आम्लराजात सोनेदेखील! तेही ऑक्सिडीकरणच, पण विरघळलेला धातू त्या पाण्याबरोबर त्यांच्या घरी जातो. बांगड्या चकचकीत दिसतात, वजन मात्र घटलेले असते. शंका आली तर सराफाकडे वजन करून घ्या आणि पोलिसांना कळवा.

स्वच्छ केलेली चांदी पूर्ण कोरडी करून मलमलच्या फडक्यात गुंडाळा आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत, शेजारी खडूचा तुकडा टाकून ठेवा. खडू दमटपणा शोषतो. रबरबँड मात्र लावू नका. पुढच्या वर्षीचे काम निम्मे होईल, आणि तबकावरची नक्षी सुनेच्या हातीही तशीच जाईल.