तपासणाऱ्याने शिकायचे कुणाकडे?

मंडळी, पूर्वी स्थळ सांगून आले की मुलगा बँकेत आहे, शाळेत आहे, एस. टी.त आहे, एवढ्यावर भागत असे. आता "क्वालिटीत आहे" असे उत्तर येते आणि ऐकणारे समजल्यासारखी मान हलवतात. आमच्याही घरात एक जण क्वालिटीत आहे, माझा भाचा. चाकणला मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात तो पंधरा वर्षे हे काम करतो आहे. त्याच्याशी गप्पा मारता मारता आणि त्याने आणून दिलेली पुस्तके वाचता वाचता माझे एक मत बनले आहे. या पेशातल्या माणसांना संगणकाने आज सगळे काही दिले आहे, पण शिकायला सवड आणि शिकवायला माणूस मात्र दिलेला नाही. हा प्रश्न कारखान्याच्या फाटकाच्या आत राहत नाही, तो आपल्या घरातल्या औषधाच्या बाटलीपर्यंत येऊन पोहोचतो. म्हणून हा लेखनप्रपंच.

आधी हा पेशा काय आहे ते माझ्या मास्तरकीच्या भाषेत सांगते. १९२४ साली अमेरिकेत टेलिफोनची सामग्री बनवणाऱ्या वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीत वॉल्टर श्यूहार्ट यांनी आपल्या वरिष्ठांना एका पानाचे टिपण दिले. त्यात एक साधा आलेख होता. मधे सरासरीची रेघ, वर एक मर्यादा, खाली एक मर्यादा. समजा, माझ्या वर्गाच्या आठवडी चाचणीची सरासरी कधी ५२, कधी ५५, कधी ५० येते. हे नेहमीचे चढउतार झाले, त्यासाठी कुणाला उभे करून जाब विचारण्यात अर्थ नाही. पण एका आठवड्यात ती एकदम ३१ वर आली, तर काहीतरी वेगळे घडले आहे. गावात साथ आली असेल, नाहीतर न शिकवलेला धडा परीक्षेला आला असेल. या दोन प्रकारांतला फरक ओळखायचा आणि मग कारण शोधायला निघायचे. गुणवत्तेच्या कामाचा श्रीगणेशा हा एवढाच.

श्यूहार्टांच्या विचारांवर वाढलेले एडवर्ड डेमिंग १९५० साली जपानला गेले आणि तिथल्या इंजिनिअरांना आणि मालकांना त्यांनी व्याख्याने दिली. त्यांचे सांगणे असे की, माल तयार झाल्यावर तपासून त्यात गुणवत्ता घालता येत नाही. आम्हां शिक्षकांना हे वेगळे सांगायला नको. कितीही काटेकोर पेपर तपासले म्हणून मुलाला गणित येत नाही, ते वर्गातच यावे लागते.

डेमिंग एक गमतीचा प्रयोग करून दाखवत. भांड्यात ४००० मणी, त्यांतले ८०० लाल आणि बाकीचे पांढरे. ५० खळगे असलेली फळी त्यात बुडवून मणी काढायचे आणि लाल मणी म्हणजे खराब माल. 'कामगार' बिचारा काय करणार? कधी सात लाल येतात, कधी तेरा. ज्याला सात आले त्याची पाठ थोपटायची, ज्याला तेरा आले त्याला दमात घ्यायचे. पाहणारे हसतात, कारण लाल मणी भांड्यातच आहेत. दहावीच्या निकालाच्या टक्केवारीवरून शाळाशाळांतून होणाऱ्या सभा ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना हे हसू जरा कडवट वाटेल.

हे ज्ञान आपल्याकडे उशिरा आले असेही नाही. प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या आमंत्रणावरून श्यूहार्ट १९४७-४८ मध्ये भारतात आले होते. म्हणजे डेमिंग यांच्या जपानमधल्या गाजलेल्या व्याख्यानांच्याही आधी त्यांचे गुरू आपल्या दारात उभे होते! मग फरक कुठे पडला? मला वाटते, शिकण्याच्या पद्धतीत पडला.

जपानने १९५६ साली कारखान्यांतल्या मुकादमांसाठी रेडिओवरून गुणवत्तेचे पाठ सुरू केले. दूरशिक्षणच की ते! पण नुसते ऐकून भागत नाही हे त्यांच्या लक्षात आले. १९६२ साली प्राध्यापक काओरू इशिकावा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुकादमांसाठी एक नियतकालिक काढले. किंमत मुद्दाम कमी ठेवली, म्हणजे मुकादमाने ते स्वतःच्या पैशाने घ्यावे. पण वाचनाची सवय नसलेला माणूस एकटा किती दिवस वाचणार? म्हणून गट करून वाचा, वाचलेले आपल्याच कामावर करून पाहा, असे सांगितले गेले. त्या गटांतून 'क्वालिटी सर्कल' उभी राहिली. म्हणजे मुळात तो अभ्यासगट होता. आपल्याकडे १९८० च्या सुमारास ही मंडळे आली तेव्हा फलक आले, बक्षिसे आली, स्पर्धा आल्या. शेजारी बसून वाचणे मात्र बऱ्याच ठिकाणी गळून गेले.

आता आजचे चित्र पाहा. भाच्याच्या कारखान्यात मापे थेट संगणकात जातात, आलेख आपोआप निघतो, कॅमेरा भागावरचा ओरखडा माणसापेक्षा लवकर पकडतो. याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. रात्रपाळीत हजारावा भाग तपासताना माणसाचे डोळे शिणतातच, यंत्राचे शिणत नाहीत. जे यंत्राला अधिक चांगले जमते ते यंत्राने खुशाल करावे.

माझी तक्रार आहे ती शिक्षणाबद्दल. तेही आता मोबाईलवर आले आहे. वीस मिनिटांची चित्रफीत, शेवटी दहा प्रश्न, आठ बरोबर आले की प्रमाणपत्र. चित्रफीत इंग्रजीत आणि पाहणारा मुलगा गेवराईचा नाहीतर गयेचा. तो ती मुकी करून बाजूला ठेवतो आणि उत्तरे शेजाऱ्याला विचारतो. वर्षअखेरीस तक्त्यात 'प्रशिक्षण १०० टक्के पूर्ण' असे हिरव्या रंगात दिसते. शिक्षकांचेही वेगळे नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शिक्षकाने वर्षाला किमान ५० तास स्वतःच्या व्यावसायिक शिक्षणाला द्यावेत असे म्हटले. हेतू उत्तमच आहे. पण तास मोजणे सोपे आणि शिकणे मोजणे अवघड, म्हणून तास तेवढे मोजले जातात.

भाचा सांगतो, माल परत आला की कारणाचा अहवाल लिहावा लागतो. 'असे का झाले?' हे पाच वेळा विचारून मुळापर्यंत जायचे, अशी रीत आहे. आणि बहुतेक अहवालांच्या तळाशी काय असते? 'ऑपरेटरला पुन्हा प्रशिक्षण दिले.' मला हे वाक्य ऐकून प्रगतिपुस्तकातला 'अभ्यास वाढवावा' हा शेरा आठवला. लिहिणाऱ्याने काही पाहिले नाही आणि वाचणाऱ्याला काही कळले नाही, पण रकाना भरला. आता तर हा अहवाल कृत्रिम बुद्धिमत्ता अर्ध्या मिनिटात लिहून देते, पाचही 'का' आणि त्यांची उत्तरे, सुरेख भाषेत! ज्या प्रश्नांसाठी माणसाने यंत्रापाशी जाऊन उभे राहायचे, त्यांची उत्तरे खुर्चीत बसल्या जागी मिळू लागली, तर तो माणूस शिकणार कधी?

यात एवढे काय बिघडले, असे कुणी म्हणेल. म्हणून औषधाच्या बाटलीकडे येते.

१९३७ साली अमेरिकेत एका कंपनीने सल्फा औषध पातळ स्वरूपात आणले. ते विरघळवायला वापरले डायइथिलीन ग्लायकॉल. ते गोडसर असते, त्याला रंग नसतो, पण ते मूत्रपिंड निकामी करते. कंपनीने माल तपासला नव्हता असे नाही बरे का! चव, रूप आणि वास तपासला होता आणि तिन्हींत माल उत्तीर्ण झाला होता. ते विषारी आहे का, हा प्रश्नच कुणी विचारला नाही. शंभराहून अधिक माणसे गेली, त्यांत कित्येक मुले होती. त्यातून १९३८ चा तिथला कडक कायदा आला.

१९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १४ रुग्ण दगावले. त्यांना दिलेल्या ग्लिसरीनमध्ये हेच द्रव्य होते. न्यायमूर्ती लेंटिन यांचा चौकशी आयोग बसला, माझ्या वयाच्या वाचकांना ते नाव नक्की आठवेल. २०२२ साली आफ्रिकेतल्या गांबियात सत्तरच्या आसपास लहान मुले मूत्रपिंड निकामी होऊन गेली आणि ऑक्टोबरमध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतात बनलेल्या चार सिरपांबद्दल इशारा दिला. त्यानंतर जून २०२३ पासून निर्यातीच्या खोकल्याच्या औषधांची सरकारमान्य प्रयोगशाळेत तपासणी सक्तीची झाली. परदेशी जाणाऱ्या बाटलीसाठी! आणि २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये नागपूरपासून फार दूर नसलेल्या छिंदवाड्यात वीसहून अधिक मुले गेली. त्या सिरपच्या नमुन्यात हे विष ४८.६ टक्के निघाले. जवळजवळ अर्धी बाटली.

१९३७ ते २०२५ म्हणजे ८८ वर्षे. विष तेच आणि मरणही त्याच तऱ्हेचे. ते ओळखण्याची चाचणी ठाऊक आहे, आणि सगळी हकीकत मोबाईलवर दोन मिनिटांत सापडते. तेव्हा माहिती नव्हती असे कुणी म्हणू शकत नाही. लोभ होता, ढिलाई होती, देखरेख लंगडी होती, हे सगळे खरे आणि त्याची शिक्षा कायद्याने द्यावीच. पण माझ्या मनात येते ते औषध कारखान्याच्या प्रयोगशाळेत नुकत्याच रुजू झालेल्या बी. एस्सी. मुलीचे किंवा मुलाचे. आलेल्या पिंपातून नमुना न काढता नुसत्या कागदावर सही करताना 'अरे थांबा, जे. जे. मध्ये हेच झाले होते' असे त्याच्या मनात यावे, हे त्याला कुणी शिकवले आहे का? आणि तो 'थांबा' म्हणाला, तर त्याचे ऐकले जाईल का?

संगणकाला सांगितलेले तेवढेच कळते, हेही लक्षात ठेवायला हवे. जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेत उडत्या बोइंग विमानाच्या दाराच्या जागी बसवलेले झाकण निखळून पडले. सुदैवाने सगळे वाचले. चौकशीत दिसले की ते पक्के धरणारे चार बोल्टच बसवलेले नव्हते, आणि कारखान्यात ते झाकण दुरुस्तीसाठी काढल्याची नोंदच कुठे नव्हती. नोंद नाही, म्हणून तपासणीही नाही.

मग करावे काय? मला सुचते ते साधे आहे. या पेशात येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या आठवड्यात त्या धंद्यातल्या अपघातांचा इतिहास शिकवावा, सनावळ्यांसह, गेलेल्या माणसांसह. दुसरे, पंधरा दिवसांतून एक तास, कामाच्या वेळेतच, चारसहा जणांनी एकत्र बसावे. समोर आपलाच परत आलेला भाग असावा आणि बोलणे आपल्या भाषेत व्हावे. 'का' हा प्रश्न माणसाला मातृभाषेतच नीट विचारता येतो, हे मी चौतीस वर्षे वर्गात पाहिले आहे. तिसरे, प्रमाणपत्र तासांवर देऊ नये. शिकल्यावर कामात काय बदलले ते दाखव आणि मग घे. आणि चौथे, शिकलेल्याला थांबवण्याचा अधिकार असावा. टोयोटाच्या कारखान्यात साध्या कामगाराच्या हाताशीही एक दोरी असते. चूक दिसली की तो ती ओढतो. नुसते ज्ञान दिले आणि दोरी दिली नाही, तर तो माणूस जाणूनबुजून गप्प बसायला शिकतो, आणि ते अज्ञानापेक्षा वाईट.

भाच्याचे म्हणणे, "मावशी, तुला बोलायला काय जातंय? माल ट्रकवर चढायला उभा असतो, तिथे तासभर बसायला कोण देणार? आणि छोट्या कंपनीत तर क्वालिटीचा माणूसच एक असतो, तो सर्कल कुणाबरोबर करणार?" मुद्दा अगदी रास्त आहे. पण इथेच खरा उपयोग आहे या नव्या साधनांचा. एका वसाहतीतल्या दहा छोट्या कारखान्यांचे दहा एकटे लोक महिन्यातून एकदा पडद्यावर का होईना, भेटू शकतात. 'आमच्याकडे असे घडले, तुमच्याकडे?' असे एकमेकांना विचारू शकतात. रेडिओवरून पाठ ऐकणाऱ्या त्या जपानी मुकादमांना ही सोय नव्हती. राहिला वेळ. परत आलेल्या मालाच्या अहवालांवर जातो तो वेळ कोण देते, हे एकदा मालकालाच विचारावे.

असो. आपल्या नात्यात, ओळखीत क्वालिटीतले कुणी ना कुणी असेलच. या वेळी भेटलात की पगार आणि बढती विचारून झाल्यावर एवढेही विचारा: या वर्षी तू नवीन काय शिकलास, आणि दोरी ओढायची वेळ आली तर ओढू देतात का तुला? उत्तर काय मिळते ते मलाही ऐकायचे आहे.